तारणाच्या रकान्यात न मावणारे भांडवल

आफ्रिकेतील तरुण उद्योजकांच्या यशोगाथा अलीकडे वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून आणि व्यवस्थापनविषयक व्याख्यानांतून वरचेवर भेटू लागल्या आहेत. त्यांचा साचाही ठरून गेल्यासारखा दिसतो. आरंभी दारिद्र्य, मग एक अभिनव कल्पना, त्यापाठोपाठ आंतरराष्ट्रीय पुरस्कार आणि अखेरीस ‘अपार मेहनत’ हे दोन शब्द. कल्पना आणि पुरस्कार यांच्या मधली पाच-सात वर्षे कोठे गेली, हे सहसा कोणी सांगत नाही. वस्तुतः बँकेचा ग्राहक आणि बँकेचा कर्मचारी या दोघांनाही स्वारस्य असावयास हवे ते त्या मधल्या वर्षांतच. कर्जाची निकड त्या वर्षांत असते, आणि कर्ज नाकारलेही बहुधा त्याच वर्षांत जाते.

आणखी एक गोष्ट आरंभीच नमूद करावयास हवी. आफ्रिका जणू एकच देश आहे, अशा थाटात आपल्याकडे बोलले जाते. प्रत्यक्षात हे ५४ देशांचे खंड आहे. त्यांचे कायदे, चलने, भाषा आणि व्याजाचे दर यांत महदंतर आहे. तेव्हा ‘आफ्रिकन उद्योजक’ अशा सरसकट वर्णनापेक्षा दोन-तीन माणसांची चरित्रे जवळून पाहणे अधिक उपयुक्त ठरेल.

इथिओपियाच्या राजधानीत, आदिस अबाबाच्या कडेला, झेनेबेवर्क नावाची वस्ती आहे. कुष्ठरोगावरील उपचारांसाठी ओळखले जाणारे रुग्णालय याच भागात आहे. या वस्तीत वाढलेल्या बेथलेहेम तिलाहुन अलेमू यांनी हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतले आणि २००४-०५ च्या सुमारास, वयाच्या पंचविशीत, कुटुंबीयांकडून मिळालेल्या अल्प भांडवलावर पादत्राणांचा उद्योग सुरू केला. ‘सोलरेबेल्स’ हे त्याचे नाव. सोबतीला मोजके कारागीर होते. जुन्या टायरचा तळ असलेल्या चपला इथिओपियात पिढ्यानपिढ्या वापरात आहेत; आपल्याकडेही खेड्यापाड्यांतील बाजारांत टायरच्या चपला परिचयाच्या आहेतच. अलेमू यांनी त्याच तळावर हातमागाच्या कापडाचे वरचे अंग चढविले आणि तो माल अमेरिका-युरोपातील ग्राहकांसमोर ठेवला.

हे दोन ओळींत सांगणे सोपे आहे. परंतु पादत्राणांचा धंदा ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना त्यामागील कष्टांचे स्वरूप ध्यानात येईल. टकळीवर काढलेले सूत सगळीकडे सारख्या जाडीचे नसते. प्रत्येक टायर निराळा झिजलेला असतो. अशा सामग्रीतून एका जोडातील डावा आणि उजवा बूट तंतोतंत सारखा निघाला पाहिजे. आणि तसा एक जोड नव्हे, मागणीपत्रात लिहिलेल्या मापांनुसार शेकडो जोड, ठरलेल्या तारखेला. स्थानिक बाजारात थोडे कमी-अधिक चालून जाते. परदेशी खरेदीदार मात्र मापात उणे-अधिक निघाले की माल परत करतो आणि पुढील मागणी अन्यत्र नोंदवितो. वस्तीत कौशल्याची वाण नव्हती. कमी होती ती नियमित मागणीची आणि नियमित वेतनाची. पन्नास हातांचे निरनिराळे कसब एका मापात बसविणे, हेच अशा उद्योगातले खरे कष्ट होत. २०११ मध्ये जागतिक आर्थिक मंचाने अलेमू यांचा तरुण जागतिक नेत्यांच्या यादीत समावेश केला, तेव्हा या खटाटोपाला सहा-सात वर्षे उलटून गेली होती.

दुसरे उदाहरण बँकेतील वाचकांना विशेष जवळचे वाटावे. केनियातील लॉर्ना रुट्टो या मूळच्या बँक कर्मचारी. २००९ मध्ये, वयाच्या पंचविशीच्या आसपास, त्यांनी ती नोकरी सोडली आणि नैरोबीत ‘इकोपोस्ट’ हा उद्योग उभारला. शहरातील टाकाऊ प्लॅस्टिक गोळा करावयाचे, निवडून त्याचा चुरा करावयाचा, तो वितळवून त्यातून कुंपणाचे खांब काढावयाचे, असे हे काम. केनियात शेतांच्या आणि घरांच्या कुंपणासाठी लाकडी खांबांना मोठी मागणी असते आणि जंगल तर आधीच विरळ. प्लॅस्टिकच्या खांबाला वाळवी लागत नाही, तो कुजत नाही, आणि करवतीने कापताही येतो. २०११ मध्ये त्यांना कार्तिए या संस्थेचा महिला उद्योजकांसाठीचा पुरस्कार लाभला. बँकेतील पगार, निवृत्तिवेतनाची हमी आणि पांढरपेशा प्रतिष्ठा सोडून कचऱ्याच्या ढिगाकडे वळणाऱ्या मुलीला नातेवाईक काय म्हणत असतील, याची कल्पना कोणत्याही मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला सहज करता येईल.

अशा धंद्याचा रोकड प्रवाह मात्र डोळ्यांसमोर आणून पाहण्यासारखा आहे. कचरा वेचणाऱ्याला त्याच दिवशी, रोख पैसे द्यावे लागतात. त्याची चूल त्यावर पेटते. यंत्र, वीज आणि कामगार यांचा खर्च खांब विकला जाण्यापूर्वीच होऊन जातो. उलटपक्षी, खांब घेणारा मोठा ग्राहक उधारीची मुदत मागतो. म्हणजे विक्री जितकी वाढेल, तितकी खेळत्या भांडवलाची तूट वाढत जाते. कित्येक होतकरू उद्योग तोट्यामुळे नव्हे, तर मागणी वाढल्यामुळे बुडतात, हे कर्ज विभागातील अनुभवी अधिकाऱ्याला ठाऊक असते. या टप्प्यावर मेहनत दुप्पट करून भागत नाही. तेथे पैसाच लागतो.

आणि येथेच यशोगाथांमधील तो लाडका शब्द अपुरा पडतो. अक्रा शहरातील माकोला बाजारात टोपली मांडून बसणारी विक्रेती उजाडण्यापूर्वी उठते, दिवसभर उभी राहते, रात्री हिशेब करून मग झोपते. तिची मेहनत कोणा पुरस्कारप्राप्त उद्योजकापेक्षा तसूभरही उणी नाही. तरीही तिची टोपली वर्षानुवर्षे तेवढीच राहते. यश केवळ कष्टांचे फळ मानले, तर ज्यांना यश आले नाही त्यांनी कष्टच केले नाहीत, असा अर्थ आपोआप निघतो. तो धादांत खोटा आहे आणि थोडासा क्रूरही. कष्ट अनिवार्य आहेत, याविषयी दुमत नाही. प्रश्न आहे तो कोणत्या कष्टांचा, आणि त्या कष्टांना पाठबळ देण्यास कोणी पुढे येते की नाही, याचा.

झिम्बाब्वेचे स्ट्राइव्ह मसियिवा यांचे प्रकरण या दृष्टीने मननीय आहे. ब्रिटनमध्ये अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन मायदेशी परतलेल्या या तरुणाने काही काळ सरकारी दूरसंचार खात्यात नोकरी केली आणि पुढे विद्युत कामांचा स्वतःचा व्यवसाय चालविला. तिशीत असताना त्यांनी भ्रमणध्वनी सेवा सुरू करण्याचे ठरविले, तेव्हा दूरसंचारावर सरकारी महामंडळाची मक्तेदारी होती. मसियिवा न्यायालयात गेले. ही मक्तेदारी नागरिकांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याला बाधक आहे, असा त्यांचा मुद्दा होता, आणि १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ग्राह्य धरला. परवाना मिळण्यास त्यानंतरही दोन वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले. ‘इकोनेट’ची सेवा प्रत्यक्षात सुरू झाली ती १९९८ मध्ये. लढा सुमारे पाच वर्षांचा. या पाच वर्षांत नव्या धंद्यातून एका छदामाचे उत्पन्न नव्हते आणि जुना धंदा त्या लढ्यापायी हातचा गेला. त्या काळातील त्यांचा ताळेबंद कोणत्याही बँकेसमोर ठेवला असता, तर कर्जमंजुरीची शिफारस कोणत्याही अधिकाऱ्याने केली नसती. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, करावयासही नको होती.

हे शेवटचे वाक्य काहींना खटकेल. परंतु बँकेने सावध असणे हा दोष नव्हे. बँक जो पैसा कर्जाऊ देते तो निवृत्त शिक्षकाच्या मुदत ठेवीतला आणि भाजीविक्रेत्याच्या बचत खात्यातला असतो. मसियिवा यांच्यासारख्या लढ्याला जोखीम उचलणारे भागभांडवल हवे. ठेवीदारांचा पैसा त्यासाठी नाही. नायजेरियातील बँकर टोनी एलुमेलू यांनी हा भेद नेमका ओळखला, असे म्हणता येईल. १९९७ मध्ये, वयाच्या चौतिशीत, सहकाऱ्यांसह एक डबघाईला आलेली बँक हाती घेऊन त्यांनी ती सावरली. पुढे २००५ मध्ये तिचे युनायटेड बँक फॉर आफ्रिकामध्ये विलीनीकरण झाले. २०१५ पासून त्यांच्या प्रतिष्ठानाने नवउद्योजकांना प्रत्येकी ५,००० डॉलर देण्याचा उपक्रम चालविला आहे. ही रक्कम परत करावयाची नसते. स्वतः बँकर असलेल्या माणसाने बीजभांडवल कर्ज म्हणून न देता अनुदान म्हणून द्यावे, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

मग बँकांच्या वाट्याला काय येते? केनियातील इक्विटी बँकेचा इतिहास या प्रश्नाचे एक उत्तर देतो. १९८४ मध्ये गृहकर्ज देणारी छोटी वित्तसंस्था म्हणून स्थापन झालेली इक्विटी १९९३ साली तांत्रिकदृष्ट्या दिवाळखोर ठरली होती. त्या वर्षी जेम्स म्वांगी हे तिशीच्या उंबरठ्यावरील हिशेबनीस संस्थेत दाखल झाले. मोठी तारणी कर्जे देण्याच्या मागे न लागता संस्थेने चहा पिकविणारे छोटे शेतकरी, बाजारातील विक्रेते आणि कारागीर यांच्याकडे मोर्चा वळविला. शाखा परवडत नव्हती तेथे वाहनातून फिरती शाखा नेली. २००४ मध्ये संस्थेला बँकेचा दर्जा मिळाला. २००६ मध्ये तिचे समभाग नैरोबीच्या बाजारात नोंदले गेले. गरीब ग्राहक हा धर्मादाय खर्चाचा विषय नसून नियमित व्यवहार करणारा ग्राहक आहे, एवढे एक गृहीत बदलल्याचा हा परिणाम होता.

असे गृहीत धरण्यास आधारही भक्कम होता. बचतीची शिस्त या समाजांत बँकांच्या आधीपासून रुजलेली आहे. इथिओपियातील ‘इकुब’, केनियातील ‘चामा’, दक्षिण आफ्रिकेतील ‘स्टॉकवेल’ ही आपल्या भिशीचीच भावंडे. घानामध्ये ‘सुसू’ गोळा करणारा माणूस रोज दुकानोदुकानी हिंडून थोडी थोडी रक्कम जमा करतो. आपल्या पिग्मी एजंटाला तेथे नेऊन उभे केले, तर पहिल्याच दिवशी त्याला काम कळेल. जी स्त्री रोज न चुकता हप्ता भरते, तिची पत त्या हप्त्यांतच लिहिलेली असते. बँकेच्या अर्जात मात्र तिच्यासाठी रकाना नसतो. रकाना असतो तो जमिनीच्या उताऱ्याचा, घराच्या कागदांचा आणि जामीनदाराचा.

मार्च २००७ मध्ये केनियात सुरू झालेल्या ‘एम-पेसा’ या सेवेने ही अडचण काही अंशी दूर केली. (स्वाहिलीतला ‘पेसा’ आपल्या कानांना परका वाटू नये.) भ्रमणध्वनीवरून पैसे पाठविण्याची सोय एवढाच प्रारंभी तिचा हेतू होता. परंतु व्यवहारांची नोंद आपोआप साठत गेली, आणि २०१२ मध्ये एका व्यापारी बँकेच्या सहकार्याने ‘एम-श्वारी’ ही योजना आली, तेव्हा त्या नोंदीच्या आधारे विनातारण छोटे कर्ज मिळू लागले. अर्थात या नाण्याला दुसरी बाजू आहे. पाठोपाठ आलेल्या झटपट कर्जांच्या लाटेत असंख्य तरुण अवाजवी दराच्या फेऱ्यात अडकले आणि अखेर २०२२ मध्ये केनियाच्या मध्यवर्ती बँकेला अशा कर्जदात्यांसाठी स्वतंत्र नियम करावे लागले. नोंदीवरून पत कळते हे खरे. पण धंदा कळतोच असे नाही.

सरकारी आदेशाने हा प्रश्न सुटेल, असे मानणाऱ्यांनी केनियाचाच आणखी एक अनुभव पाहावा. २०१६ मध्ये तेथे कर्जावरील व्याजदराला कायद्याने कमाल मर्यादा घातली गेली: मध्यवर्ती बँकेच्या दरापेक्षा फार तर चार टक्के अधिक. छोट्या उद्योजकाला स्वस्त कर्ज मिळावे, हा हेतू स्तुत्य होता. घडले उलटेच. या दरात जोखीम परवडत नाही म्हणून बँकांनी छोट्या उद्योगांचे कर्ज आखडते घेतले आणि पैसा सरकारी रोख्यांकडे वळविला. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती मर्यादा उठविण्यात आली. दरम्यानच्या तीन वर्षांत ज्यांचे प्रस्ताव परत गेले, त्यांची गणती कोणत्याही यशोगाथेत होणार नाही.

भारतीय बँकांना हा प्रदेश नवा नाही. बँक ऑफ बडोदाची मोम्बासा येथील शाखा १९५३ मध्येच उघडली. मायदेशी तर २००० मध्ये पतहमी निधी आणि २०१५ मध्ये मुद्रा योजना आली, तेव्हापासून विनातारण कर्ज ही कल्पना कागदोपत्री सर्वमान्य आहे. हमीची व्यवस्था असूनही ‘काही तारण आहे का?’ हा प्रश्न काही टेबलांवर अद्याप आधी विचारला जातो, हे ग्राहकही जाणतात आणि कर्मचारीही. त्यामागे नेहमीच दुराग्रह असतो असे नव्हे. खाते थकीत झाले, तर खुलासा ज्याने शिफारस केली त्याला द्यावा लागतो. नाकारलेल्या चांगल्या प्रस्तावाचा खुलासा मात्र कोणी मागत नाही. शिवाय उद्योगाच्या जागी जाऊन तासभर बसावे, मागणीपत्रे वाचावीत, कच्चा माल देणाऱ्याशी दोन शब्द बोलावे, यासाठी लागणारा वेळ मनुष्यबळाच्या हिशेबात कोठेच धरलेला नसतो. प्लॅस्टिकच्या खांबांचा प्रस्ताव घेऊन एखादी तरुणी उद्या समोर बसली, तर तिचा कारखाना पाहण्यास अधिकाऱ्याला अर्धा दिवस मोकळा मिळेल का, हे शाखेच्या कामवाटपाच्या तक्त्यात आजच पाहून घेता येते.