दिवा वाढवण्याआधी आहे तो नीट करा

जामनेर तालुक्यातल्या गाडीवाल्या मंडळींना ही कळकळीची विनंती आहे. ज्यांच्याकडे गाडी नाही, पण रात्री रस्त्याच्या कडेने चालावं लागतं, त्यांनीही ती वाचावी आणि घरातल्या गाडीवाल्याला वाचून दाखवावी.

गेल्या काही वर्षांत आपल्या रस्त्यांवर उजेड फार वाढला आणि दिसणं कमी झालं. जामनेर–पहूर, नेरीमार्गे जळगाव, बोदवड, फत्तेपूर, कोणताही रस्ता धरा. समोरून मोटारसायकल येते की जीप येते तेच कळत नाही. नुसता पांढरा झगझगीत गोळा अंगावर येतो. आपण डिपर मारतो, समोरचा मारतच नाही. मारला तरी फरक पडत नाही, कारण त्याच्या गाडीत डिपर नावालाच उरलेला असतो. गोळा निघून गेला की डोळ्यांपुढे अंधारी येते. नजर ताळ्यावर यायला दोन-तीन सेकंद सहज जातात. ताशी 60 किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर जाते, म्हणजे तीन सेकंदांत 50 मीटर. एवढं अंतर आपण आंधळ्यासारखे गाडी चालवतो. वय झालेल्या आणि मोतीबिंदू धरलेल्या माणसाला तर यापेक्षा जास्त वेळ लागतो.

आणि त्या 50 मीटरांत कोण असतं? आपल्याकडे शेतीची लाइट बऱ्याचदा रात्री येते. मोटार चालू करायला निघालेला माणूस हातात बॅटरी घेऊन साइडपट्टीने चाललेला असतो. कापसाने भरलेली, मागे एकही दिवा नसलेली ट्रॉली जिनिंगकडे निघालेली असते. पाचोरा–जामनेरची आपली छोटी गाडी, पीजे, 2020 साली थांबली. तेव्हापासून शेंदुर्णी, पहूरकडची कितीतरी माणसं फटफटीवर आली आहेत. फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढताना वळणावर असा दिवा समोर आला, तर कठडा कुठे आणि दरी कुठे, हे अंदाजाने ठरवावं लागतं.

दिवे बदलणारे सगळे हौशी नाहीत, हे मला माहीत आहे. रोज रात्री दूध घेऊन जाणारा, जळगावहून शेवटची पाळी संपवून येणारा, भाडं मारणारा पिकअपवाला म्हणतो, “काय भो, कंपनीच्या दिव्यात काहीच दिसत नाही.” त्याची गरज खरी आहे. उपाय मात्र चुकीचा निवडला जातो. तो का चुकीचा, हे समजायला एकदा बल्ब हातात घेऊन बघा.

बऱ्याच गाड्यांत एच-4 नावाचा हॅलोजन बल्ब असतो, 60/55 वॅटचा. त्याच्या काचेत दोन तारा दिसतील. एक अप्परची, दुसरी डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक छोटीशी वाटी असते. त्या वाटीमुळे डिपरचा उजेड खाली जात नाही, फक्त वरच्या अर्ध्या आरशावर पडतो. आरसा तो उजेड वाकवून रस्त्यावर टाकतो. म्हणून डिपरच्या उजेडाला वरून एक रेघ असते: रेघेच्या खाली रस्ता, रेघेच्या वर समोरच्याचे डोळे. सगळी करामत त्या वाटीत आणि तारेच्या नेमक्या जागेत आहे. तार दोन मिलिमीटर सरकली तरी रेघ बिघडते.

आता याच आरशात बाजारातला एलईडी बल्ब घातला की काय होतं? त्याचा उजेड तारेतून येत नाही, पट्टीच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या चिपांतून येतो. आरसा त्या तारेच्या मापाने घडवलेला, आणि उजेडाची जागा, आकार, दिशा सगळं वेगळं. रेघ पुसट होते आणि उजेड वर उधळतो. मालकाला गाडीपुढचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे तो खूश असतो. पण जवळचं जास्त झगमगलं की त्याचीही नजर लांबच्या अंधारात पोहोचत नाही. पावसात आणि धुक्यात निळसर पांढरा उजेड थेंबांवरून परत डोळ्यांत येतो तो वेगळाच. बंपरवर किंवा टपावर लावलेल्या एलईडी पट्टीला तर रेघच नसते, सरळ समोरच्याच्या तोंडावर उजेड. कंपनीनेच एलईडी दिवा दिला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे आरसा, भिंग आणि चिप एकमेकांच्या मापाने बनवलेले असतात.

काहीजण एलईडीच्या भानगडीत न पडता 60/55 काढून 100/90 वॅटचा हॅलोजन टाकतात. त्याचा हिशेब असा. 12 व्होल्टवर 60 वॅटला 5 अँपियर लागतात, 100 वॅटला आठाच्या वर. वायर तीच, होल्डर तोच. वायरीतली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे इथे जवळजवळ पावणेतीन पट. ठिबकच्या बारीक नळीला पाच एचपीची मोटार जोडली तर जे होईल तेच इथे होतं, फक्त हळूहळू. कोणत्याही वायरिंगवाल्याकडे जा, त्याच्या टेबलाखालच्या डब्यात असे होल्डर पडलेले असतील: प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेलं, पिना काळ्या, वायरीचं आवरण कडक होऊन तडकलेलं. ते गाडीत पेटण्याआधी हाती लागलं, हे त्या मालकाचं नशीब.

एलईडीला करंट कमी लागतो हे खरं आहे. पण तिथे दुखणं दुसरीकडे आहे. जोडणी करणारा कंपनीची वायर सोलून तिच्यात टॅप मारतो आणि वर काळी टेप गुंडाळतो. नव्या गाड्यांत दिव्यांचा कारभार कंट्रोल युनिट बघतं. करंट अपेक्षेपेक्षा कमी-जास्त झाला की ते बल्ब गेला असं समजतं, इंडिकेटर भराभर मारायला लागतं, डॅशबोर्डवर खूण येते. सोललेल्या जागी पावसाळ्यात पाणी शिरतं, हिरवा गंज धरतो, आणि सहा महिन्यांनी भलतीच वस्तू बंद पडते.

इथे वॉरंटीचा प्रश्न येतो. गाडी घेताना जाड पुस्तिका मिळते, ती आपण सीटखाली टाकतो. तिच्यातलं वॉरंटीचं पान आज काढून वाचा. बहुतेक कंपन्यांनी त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की, मान्यता नसलेला भाग बसवल्यामुळे किंवा मूळ रचनेत फेरफार केल्यामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसत नाही. दोन-पाचशे रुपयांच्या दिव्यासाठी वायर कापली, की वायरिंगचा पूर्ण संच, कंट्रोल युनिट, बॅटरी, चार्जिंग यांच्या क्लेमवर पाणी पडू शकतं. नुसता वायरिंगचा संच बदलायचा म्हटला तरी खर्च हजारांत जातो. सर्व्हिसला जाण्याआधी दिवे काढून ठेवायची युक्ती काहीजण सांगतात. दिवा निघतो, कापलेली वायर आणि टेप तिथेच राहते, आणि सर्व्हिस सेंटरचा माणूस पहिल्यांदा तीच बघतो.

उलट बाजूही सांगतो, कारण ग्राहकाला तीही माहीत हवी. दिवा बदलला म्हणून अख्ख्या गाडीची वॉरंटी आपोआप गेली, असं कोणी तोंडी सांगितलं तर मान हलवून परत येऊ नका. दिव्याचा आणि गिअरबॉक्सच्या बिघाडाचा संबंध काय, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. क्लेम नाकारायचा असेल तर कारणासकट लेखी द्या म्हणा. ते पटलं नाही तर जळगावला जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही.

शोरूममधल्याच माणसाने “साहेब, जादा दिवे लावून देतो” म्हटलं तर ते कंपनीचे मान्यताप्राप्त आहेत का ते विचारा. असतील तर बिलावर पार्ट नंबरासकट नोंद घ्या. बिलात घ्यायला तो कचरत असेल तर दिवे घेऊ नका. विम्याचंही तसंच. विजेवर चालणारी जादा वस्तू बसवली तर ती विमा कंपनीला कळवून पॉलिसीत नोंदवावी लागते. न कळवता केलेल्या जोडणीतून गाडी पेटली, तर सर्वेअरसमोर तुमची बाजू लंगडी पडते.

आता कायदा. “दुकानात उघड विकतात, मग बेकायदेशीर कसं?” हा प्रश्न नेहमी येतो. अशा अनेक खोक्यांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही वस्तू फक्त ऑफ-रोड वापरासाठी आहे. म्हणजे सार्वजनिक रस्त्यासाठी नाही. विकणारा ते वाचून दाखवत नाही.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीत मनमानी बदल करायला मनाई करतं. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये सांगितलं की, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करता येणार नाही. आरसी बुकात दिव्याची नोंदच नसते, मग हे आम्हाला कसं लागू, असं कोणी म्हणेल. त्याच्यासाठी दिव्यांचे वेगळे नियम आहेत. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 106: समोरच्या दिव्याचा झोत कायम खाली वळलेला किंवा चालकाला डिपरने खाली वळवता येणारा हवा. इतका की दिव्यापासून 8 मीटरवर, उजव्या अंगाला अर्धा मीटर सरकून उभ्या माणसाचे डोळे जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असतील तर ते दिपता कामा नयेत. तुमच्या गाडीसमोर मोजून एवढ्या अंतरावर उभे राहा आणि स्वतः बघा. नियम 108 प्रमाणे पुढे लाल दिवा चालत नाही. मागच्या लाल दिव्यावर काळी फिल्म चढवणं किंवा त्याचा रंग बदलणंही याच वाटेचं.

2019 साली कायद्यात दुरुस्ती होऊन कलम 182-अ आलं. परवानगी नसलेला बदल मालकाने केला, त्यात बाहेरून भाग बसवणंही आलं, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दर बदलाला’ हे शब्द लक्षात ठेवा. दोन पट्ट्या आणि एक फ्लॅशर असेल तर हिशेब तुम्हीच करा. 1 एप्रिल 2017 नंतरच्या मोटारसायकलींना इंजिनबरोबर आपोआप दिवा लागतो. “बॅटरी खातो” म्हणून त्याला बटण बसवून घेणारेही याच कलमात सापडू शकतात.

मग अंधारात चालवायचं कसं? आधी आहे तो दिवा नीट करा. काच पिवळी पडली असेल तर ती घासून पॉलिश होते, आणि एवढ्यानेच पुष्कळ फरक पडतो. बल्ब जुना झाला असेल तर त्याच वॅटचा चांगल्या कंपनीचा घ्या. बसवताना त्याच्या काचेला बोट लावू नका, तेलकट डागाने तो लवकर जातो. दिव्याची अर्थिंग तपासून घ्या. गंजलेल्या अर्थिंगमुळे बल्बला पुरतं व्होल्टेजच मिळत नाही आणि आपण दोष कंपनीला देतो. समोरची काच आतूनही पुसा.

आणि फोकस सेट करा. सपाट जागी भिंतीसमोर दहाएक मीटरवर गाडी उभी करून डिपर लावा. उजेडाची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा चार-पाच बोटं तरी खाली असायला हवी. नसेल तर दिव्यामागच्या स्क्रूने ती खाली घेता येते. पिकअप आणि छोटा हत्तीवाल्यांनी हे माल भरल्यावर बघावं. मागे वजन पडलं की तोंड उचलतं आणि डिपरही अप्परसारखा लागतो. बऱ्याच कारमध्ये यासाठी स्टिअरिंगजवळ आकड्यांची चकती असते. मागे माणसं किंवा सामान असेल तर ती वरच्या आकड्यावर फिरवा.

दिव्यावर पैसे खर्च करायचेच असतील तर ते गाडीच्या मागे करा. ट्रॅक्टरवाल्यांनो, कापूस निघायच्या आधी ट्रॉलीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी आणि जळणारा एक तरी टेल लाइट लावा. बैलगाडीच्या मागच्या फळीलाही पट्टी चिकटवा. तिला वायर लागत नाही, वॉरंटी जात नाही, आणि मागून येणाऱ्याला ट्रॉली वेळेवर दिसते.

वायरिंगच्या दुकानदारांना माझं वेगळं सांगणं आहे. गिऱ्हाईक तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून येतं. नव्या गाडीची वायर कापायच्या आधी “वॉरंटी चालू आहे का?” एवढं विचारा. फोकस सेटिंग आणि काच पॉलिशचे पैसे घ्या, ते काम मेहनतीचं आहे आणि आपल्या भागात त्याला गिऱ्हाईक भरपूर आहे.

ज्यांनी दिवे आधीच बदललेत त्यांनी दंडाची वाट बघू नये. मूळ बल्ब परत बसवा, पट्टी उतरवा. कापलेल्या जागी नुसती टेप न लावता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ती जोडणी दुरुस्त करून घ्या. काय बदललं होतं ते लपवू नका. दुरुस्ती झाल्याची नोंद जॉब कार्डवर करून घ्या आणि ते कार्ड आरसी, विमा, पीयूसीच्या कागदांबरोबर ठेवा.