खानदेशचा माल आणि विमानातील पेटी

जळगावच्या विमानतळाचे उद्घाटन २०१२ साली झाले आणि २०१७ अखेर तेथून नियमित प्रवासी सेवा सुरू झाली. विमान आले की आपली केळीही आकाशमार्गे परदेशी जातील, अशी आशा वाटणे स्वाभाविक आहे. परंतु केळी हे वजनाने जड आणि भावाने स्वस्त फळ. तेरा-चौदा अंश तापमान राखणाऱ्या शीतकंटेनरमधून ते जहाजाने जाते आणि तोच त्याचा योग्य मार्ग होय. विमानाचे भाडे त्याला परवडणारे नाही.

भेंडी, हिरवी मिरची यांची गोष्ट वेगळी. हा नाशवंत माल मुंबईहून विमानाने आखाती देशांत जातो. तेथे त्याची गाठ एका विशिष्ट पेटीशी पडते. १९७० साली बोइंग ७४७ हे प्रचंड विमान सेवेत आले आणि त्याच्या पोटात सुटी खोकी रचीत बसणे अशक्यप्राय झाले. म्हणून ठरावीक मापाचे ॲल्युमिनियमचे कंटेनर रूढ झाले. त्यांपैकी ‘एलडी-३’ या सर्वपरिचित पेटीचा खालचा एक कोपरा तिरका छाटलेला असतो, कारण विमानाचे पोट गोल. उंची सुमारे १६३ सेंटिमीटर, मालासह कमाल वजन १,५८८ किलो. ती रुळांवरून सरकत आत जाते आणि खिट्टीने जखडली जाते. जळगावला येणाऱ्या छोट्या एटीआर विमानात मात्र ती मावत नाही. तेथे सामान सुटेच ठेवावे लागते.

तेव्हा खानदेशाने मागावयाचे ते विमान नव्हे, तर पेटी भरण्याची सोय. सुटी खोकी मुंबईपर्यंत जातात, तेथे उतरतात, तपासली जातात आणि मग कंटेनरात रचली जातात. या प्रत्येक हाताळणीत उन्हाळ्यातली भेंडी कोमेजते आणि तिचा तोटा अखेर शेतकऱ्याच्याच माथी येतो. निर्यातदाराने स्वतः भरून दिलेली पेटी स्वीकारण्याची पद्धत जगात रूढ आहे, आणि अशा पेटीला भाड्यात सवलतही मिळू शकते. अडचण आहे ती सुरक्षा तपासणीची. बंद पेटीची तपासणी सोपी नसते. म्हणून ती भरतानाच अधिकृत तपासणी, रोगकीड-प्रमाणपत्र व सीमाशुल्काचे शिक्के एकाच छपराखाली मिळावयास हवेत.

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. पूर्वशीतन, प्रतवारी आणि पेटीभरणी यांचे केंद्र तेथे उभारणे सोयीचे ठरेल. एकट्या लहान शेतकऱ्याकडून टनभर माल एका दिवशी निघणार नाही, त्यामुळे हे काम सहकारी संस्थांनी अंगावर घ्यावयास हवे. आणि पेटी अर्धी रिकामी जाणार असेल तर तिचे भाडे कोणी सोसावयाचे, हे संस्थेच्या नियमांत आधीच लिहिलेले असावे. केंद्र धुळ्यात की जळगावात, हा वाद मात्र दोन्ही शहरांनी तूर्त बाजूस ठेवलेला बरा.