गुडघ्यातला बंदोबस्त

संधिवात म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? आजी, तिची तेलाची बाटली आणि डिसेंबरातली नाशिकची थंडी. बरोबर ना? पण बॉस, हा आजार बालवाडीतल्या पोरांनाही होतो. सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे तरी टिकलेली आणि दुसरं कारण न सापडणारी सांधेसूज म्हणजे ‘ज्युव्हेनाईल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस’. लंडनच्या डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्येच अशा २२ मुलांबद्दल लिहिलं होतं. तरी आपलं लक्ष मोठ्यांकडेच. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला डॉ. अरविंद चोप्रांच्या टीमने घरोघरी सांधेदुखीची पाहणी सुरू केली, तीही मोठ्यांचीच.

आमच्या ऑफिसातल्या एका मित्राच्या साडेचार वर्षांच्या लेकीला हा आजार निघाला, तेव्हा कॅण्टीनमध्ये प्रश्न ठरलेले: ‘थंडीमुळे का रे? की कॅल्शियम कमी?’ दोन्ही नाही. म्हणून म्हटलं, आज हाच फंडा क्लिअर करू.

सिंहस्थातला बंदोबस्त आठवा. पर्वणी असते तोवर चौकाचौकात पोलीस आणि बॅरिकेड्स. पर्वणी आटोपली की सगळं उठलं. शरीरातही तसंच. जंतू आला की टी-पेशी शिट्टी मारतात, मॅक्रोफेज धावून येतात, काम झालं की पांगतात. या मुलांच्या गुडघ्यात मात्र पर्वणी नसतानाच बंदोबस्त लागतो आणि उठतच नाही. पेशी सांध्याच्या अस्तरात ठाण मांडतात, टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ सारखी रसायनं सोडत राहतात. अस्तर जाड होतं, पाणी भरतं, पुढे कूर्चाही झिजते.

‘चला, घरी जा’ सांगणारे साहेबही शरीरात असतात: नियंत्रक टी-पेशी. त्यांच्यावरच्या संशोधनासाठी मेरी ब्रुंकोव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना २०२५ चं नोबेल मिळालं. गंमत म्हणजे या मुलांच्या सुजलेल्या सांध्यात हे साहेब हजर असल्याचं दिसलंय. पण बाकीच्या टी-पेशी त्यांचं ऐकतच नाहीत!

म्हणून इलाज तेलाच्या बाटलीत नाही. आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्सेट या पेशींना आवरतं. तेवढ्याने भागलं नाही तर टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं आहेत. त्यातलं एटानरसेप्ट अमेरिकेत १९९९ मध्ये मुलांसाठी मंजूर झालं.

खरा घोळ होतो तो ओळखण्यात. लहान मूल ‘दुखतंय’ म्हणेलच असं नाही. ते सकाळी लंगडतं आणि दुपारपर्यंत खेळायला लागतं. घरचे म्हणतात, पडली असेल, वाढीचं दुखणं असेल. पण वाढीचं दुखणं रात्री येतं, सकाळी गायब होतं आणि त्यात सूज नसते. शिवाय हाच आजार कधीकधी डोळ्याच्या आतही सूज आणतो, तीही लाली किंवा वेदना नसताना. उशीर झाला तर नजर जाऊ शकते. म्हणून निदान झालं की स्लिट लॅम्पवर डोळे ठराविक काळाने तपासायलाच हवेत.

तेव्हा या वीकएण्डला भाचे कंपनी भेटली, की सकाळी कोण कसं चालतंय ते जरा बघा. कुणी लंगडत असेल, गुडघा सुजलेला असेल, तर बालरोगतज्ज्ञांना गाठा. कॅल्शियमची गोळी नंतर!