धावणारे आणि नियम करणारे

रस्त्याने धावणारा माणूस दिसला की न धावणाऱ्याच्या मनात सहसा दोनच भाव उमटतात: कौतुक किंवा कुचेष्टा. मी स्वतः धावणारा नाही, त्यामुळे दोन्ही भाव माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या मुळाशी समजूत मात्र एकच असते, की धावायला केवळ जिद्द लागते. सामान्य माणसाच्या या समजुतीने कोणाचे फारसे बिघडत नाही; पण तीच नियम करणाऱ्यांच्या मनात असली तर जिवावर बेतते.

मार्च २०२२ मध्ये नोएडात मध्यरात्री कामावरून धावत घरी निघालेल्या १९ वर्षांच्या तरुणाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. मोटारीतले गृहस्थ त्याला गाडीत बसण्याचा आग्रह करीत होते आणि तो नकार देत होता. सैन्यात भरती व्हायचे आहे, सरावाला दुसरी वेळ मिळत नाही, एवढेच त्याचे म्हणणे. देशाने त्याच्या जिद्दीला दाद दिली. ती वेळ त्याला का मिळत नाही, हा प्रश्न कौतुकात विरून गेला.

ऑगस्ट २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपाई भरतीची शारीरिक चाचणी सुरू झाली. पुरुषांनी ६० मिनिटांत १० किलोमीटर आणि स्त्रियांनी ४० मिनिटांत ५ किलोमीटर धावावे, असा नियम होता. पावसाळ्यातल्या दमट उकाड्यात दहाहून अधिक उमेदवार प्राणांस मुकले. रात्रीपासून रांगेत थांबावे लागल्याच्या तक्रारीही झाल्या. सरकारने चाचणी काही दिवस स्थगित केली आणि नियमांच्या फेरविचाराची घोषणा केली. मृत्यूंच्या कारणांची चर्चा उत्तेजक औषधांपासून करोनाच्या लसीपर्यंत गेली. सरावाविषयी त्या मानाने थोडेच बोलले गेले.

नियमित सराव असणाऱ्याला तासाभरात १० किलोमीटर धावणे अवघड नाही. परंतु ती क्षमता येते संथ धावण्यातून, सहज बोलता येईल इतक्या गतीने, आठवड्यामागून आठवडे. विश्रांतीचे दिवस हाही सरावाचाच भाग. उष्ण हवेला सरावण्यासाठी शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. न धावणाऱ्याला मात्र संथ धावणे आळस वाटते, विश्रांती कामचुकारपणा वाटते आणि उर फुटेस्तोवर धावणे म्हणजेच मेहनत वाटते. वर्षानुवर्षे जाहिरातीची वाट पाहणारा तरुणही तारीख कळताच याच समजुतीने मैदानात उतरतो.

आपल्या इतिहासात धावणाऱ्याच्या दमाचा हिशेब राज्यकर्त्यांनी ठेवल्याचे दाखले आहेत. चौदाव्या शतकात इब्न बतूताने दिल्ली सल्तनतीच्या पायी डाकेचे वर्णन केले आहे. तीत प्रत्येक मैलाचे तीन टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर ताजा धावक तयार असे. सुलतानाला टपाल वेगाने हवे होते. त्यासाठी एकाच माणसाला मरेस्तोवर पळवून भागणार नाही, हे त्याच्या कारभाऱ्यांना कळत होते.

आजच्या कारभाऱ्यांकडून अपेक्षा फार मोठी नाही. चाचणीची तारीख व निकष किमान चार महिने आधी जाहीर व्हावेत. चाचणी थंडीत घ्यावी, उमेदवारांना ठरलेल्या वेळीच बोलवावे आणि धावण्यापूर्वी त्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी. सरकारी शाळा-महाविद्यालयांची मैदाने पहाटे खुली ठेवावीत. आणि निकष ठरविणाऱ्या समितीत धावण्याचे प्रशिक्षण देणारी एक तरी व्यक्ती असावी.