दोन बदाम म्हणजे इस्पिक!

आमच्या रेणापुरात पत्ते म्हणजे मेंढीकोट आणि मेंढीकोट म्हणजे खुणा. निदान आमच्या ओसरीवर तरी. आबांनी कान खाजवला की त्यांच्याकडे हुकमाचा एक्का, काकांनी गुडघ्यावर थाप मारली की "टाक मेंढी, हात आपलाच." समोरच्या जोडीच्याही खुणा असायच्याच, त्यामुळे कितीही भांडण झालं तरी चहापर्यंत मिटायचं. भिडूशी चोरून बोलता येणं हाच पत्त्यांतला निम्मा पराक्रम, हे संस्कार घेऊन अस्मादिक इंजिनिअरिंगला आले!

हॉस्टेलवर सेकंड इयरला ब्रिज शिकलो. आता ब्रिजवाल्यांत दोन पार्ट्या पडल्यात आणि भांडण आहे ट्रान्सफर बोलीचं. एक पार्टी म्हणते, "ही कसली उलटी भाषा? बदाम असतील तर बदाम म्हणावं, सरळ खेळावं." दुसरी पार्टी ट्रान्सफर खेळते, पण समोरच्यांनी अर्थ विचारला की गालातल्या गालात हसते. "ते आमचं सीक्रेट आहे." माझं मत असं की दोघंही चुकतायत, आणि दुसरी पार्टी जास्त चुकतेय.

ज्यांना ब्रिज येत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मेंढीकोटासारखेच चार जण, समोरासमोर भिडू, प्रत्येकी तेरा पानं. पण इथे खेळण्याआधी लिलाव होतो : किती हात करणार आणि हुकूम कोणता. एकाला येऊ शकणारे तेरा पानांचे संच आहेत ६३,५०१ कोटी ३५ लाख ५९ हजार ६०० (५२ सी १३, कॅल्क्युलेटर काढा). आणि ते भिडूला सांगायला शब्द किती? पस्तीस बोली, पास, डबल आणि रीडबल. अडतीस! एवढ्याशा बँडविड्थमध्ये एवढा डेटा पाठवायचा तर प्रत्येक शब्द जपूनच वापरायला हवा.

आता भिडूने "एक नो-ट्रम्प" म्हणून सुरुवात केली. बहुतेक ठिकाणी याचा अर्थ १५ ते १७ पॉइंट आणि चारही रंग साधारण सारखे (एक्क्याचे ४, राजाचे ३, राणीचे २, गुलामाचा १). माझ्याकडे पाच किंवा जास्त बदाम असतील तर मी "दोन चौकट" म्हणायचं. भिडूने "दोन बदाम" म्हणायचंच. पाच इस्पिक असतील तर मी "दोन बदाम", भिडू "दोन इस्पिक". एक घर खालचा रंग बोलायचा, बस्स. स्वीडनमध्ये ओले विलनर यांनी १९५०च्या दशकात यावर लिहिलं आणि अमेरिकेत ओस्वाल्ड जेकोबी यांनी १९५६ मध्ये ती लोकप्रिय केली, म्हणून जेकोबी ट्रान्सफर. हे जेकोबी पेशाने विम्याचा हिशोब मांडणारे ॲक्चुअरी होते, हे कळल्यावर मला अजिबात नवल वाटलं नाही.

उलटं का बोलायचं? हे पाठ केलं तर व्हायवापर्यंतही टिकत नाही, म्हणून एकदा पानं मांडून बघा. भिडूकडे इस्पिक एक्का-आठ-तीन, बदाम राजा-पाच, चौकट एक्का-राणी-सहा-चार, किलवर राजा-गुलाम-पाच-दोन. सतरा पॉइंट. माझ्याकडे सहा इस्पिक, राणी मोठी, बाकी सगळा भुसा. हुकूम इस्पिकच व्हायला हवा, यात वाद नाही. पण मी सरळ "दोन इस्पिक" म्हटलं तर डाव मी खेळणार आणि भिडूची ती भारी पानं डमी म्हणून टेबलावर उघडी पडणार. पहिलं पान माझ्या डावीकडून येणार, बदामाचं. पुढे लगेच डमीतला राजा, आणि त्याच्या मागे बसलेल्या गड्याकडे एक्का-राणी असली तर राजाचं मुंडकं उडालंच समजा. ट्रान्सफरने तोच डाव भिडू खेळतो. आता पहिलं पान त्याच एक्का-राणीवाल्याला टाकायचंय आणि राजा सगळ्यात शेवटी खेळणार. त्याने बदाम काढला तर राजा एक हात घेणारच. पानं तीच, हुकूम तोच, फक्त कोण कुठे बसलंय ते बदललं.

दुसरा फायदा मला याहून मोठा वाटतो. भिडूने "दोन इस्पिक" म्हटल्यावर मला पुन्हा बोलायची संधी मिळते. पानं भुसा असतील तर पास. मध्यम असतील तर "दोन नो-ट्रम्प", म्हणजे "पाच इस्पिक आहेत, तुझ्याकडे जास्तीचं असेल तर पुढे जा." चांगली असतील तर "तीन नो-ट्रम्प", म्हणजे "गेम नक्की, इस्पिक की बिनहुकूम ते तू ठरव." सरळ बोलीत "दोन इस्पिक" म्हटलं की संवाद संपला. किंमत काय मोजली? "दोन चौकट" म्हणून चौकटीवर थांबायची सोय गेली. शिवाय समोरचा त्या चौकटीला डबल म्हणून आपल्या भिडूला पहिलं पान सुचवू शकतो. तेवढं चालतं.

सरळ-पार्टीला एवढं पुरे. सीक्रेट-पार्टीसाठी मात्र मला स्वतःचं एक पाप सांगावं लागणार.

गेल्या सेमिस्टरला, सबमिशनच्या आदल्या रात्री, दीड वाजता. भिडू "एक नो-ट्रम्प". माझ्याकडे सहा बदाम, एकच इस्पिक, पॉइंट नगण्य. मी झोपेत म्हणून गेलो "दोन बदाम". ट्रान्सफर विसरलो! भिडूने नियमाप्रमाणे समोरच्यांना सांगितलं, "ट्रान्सफर, इस्पिक आहेत", आणि म्हणाला "दोन इस्पिक". मी खाडकन जागा झालो आणि म्हणालो "तीन बदाम". भिडू पास. डाव झाला, टाळ्या झाल्या, कुणीही काही बोललं नाही.

नंतर नियम वाचले. भिडूने समोरच्यांना दिलेलं स्पष्टीकरण माझ्यासाठी नसतंच. त्यावरून माझी चूक मला कळली तरी ती कळलीच नाही असं धरून बोलायचं. मी त्याचं "ट्रान्सफर" ऐकलंच नसतं तर त्याची "दोन इस्पिक" मला त्याची स्वतःची इस्पिक वाटली असती, आणि कदाचित मी तिथेच पास म्हटलं असतं. एक आणि तीन अशा चार हुकमांवर डाव धुळीला मिळाला असता, आणि ते योग्यच झालं असतं. मी जिंकलो ते आबांच्या कानामुळे जिंकतात तसंच. फरक इतकाच की आमच्या ओसरीवर सगळ्यांना कान माहीत होता.

जागतिक पातळीवरही हे झालंय. १९७५च्या बर्म्युडा बोल स्पर्धेत इटलीच्या एका जोडीतला खेळाडू टेबलाखाली भिडूच्या पायाला पाय लावताना पकडला गेला. तेव्हा टेबलावर पडदे नुकतेच आले होते, मग खालची बाजूही बंद करण्यात आली. २०१५ मध्ये इस्राएलची एक नामांकित जोडी पानांचा बोर्ड टेबलावर कुठे सरकवून ठेवते यावरून भिडूला खबर देते, हे व्हिडिओ बघून शोधलं गेलं. आणि ट्रान्सफर? अमेरिकेतल्या क्लबांत तर भिडूची बोली आली की नो-ट्रम्पवाला स्वतः मोठ्याने तिचा अर्थ जाहीर करतो. सांकेतिक भाषा हवी तितकी करा, फक्त तिचा शब्दकोश चौघांच्या हातात पाहिजे. पानं झाकलेली, भाषा उघडी.

पत्ते म्हटलं की घरच्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, तेव्हा आपण छाती काढून सांगतो, हा डोक्याचा खेळ आहे, २०१८च्या आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी भारताला ब्रिजचं सुवर्ण मिळवून दिलं. १९६८ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी मुख्यतः कौशल्याची म्हणताना ब्रिजचाच दाखला दिला, हेही ऐकवतो. मग रूमवर येऊन "ते आमचं सीक्रेट आहे" म्हणायचं?

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक जोडीने आपल्या बोलींचे अर्थ अर्ध्या पानावर लिहून टेबलावर ठेवावेत. नो-ट्रम्प किती पॉइंटचा, ट्रान्सफर आहे की नाही, एवढं पुरे. विचारलं तर सांगावं. आणि भिडूने सांगितल्यावर आपली चूक कळली तर तोंड मिटून त्याच गाढवावर बसून राहावं.

दिवाळीत हे सगळं आबांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे समोरच्याला सांगूनच खून करायची? आन् तरीबी त्यो हरतो?"

"हो आबा."

"लई अवघड हाय की मग ह्ये." आणि त्यांनी पत्ते पिसायला घेतले.