वेग वाढवला, ताप वाढला

मे महिन्यातल्या एका रविवारी घाटकोपरहून आपाचा फोन आला. "तुझ्या भाच्याचा कॉम्प्युटर पुन्हा बंद पडला. वलीम्याची फिल्म मंगळवारी द्यायची आहे, आगाऊ पैसेही घेतलेत." भाचा शिकता शिकता लग्नाच्या फिल्मा जोडून देतो; त्यातूनच त्याची फी निघते. आम्ही अंधेरीहून मेट्रो पकडली.

काम लवकर उरकावे म्हणून त्याने प्रोसेसरचा वेग ४.० वरून ४.४ गिगाहर्ट्झ केला होता. मशीन अडखळू लागले, म्हणून व्होल्टेज १.२० वरून १.३५ वर नेले.

"मामू, दहाच टक्के तर वाढवलेत!"

आम्ही कागद घेतला. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. १.१ गुणिले १.२७, म्हणजे जवळपास १.४. दहा टक्के वेगासाठी चाळीस टक्के जास्त उष्णता!

तापमान दाखवणारा प्रोग्राम लावून फिल्मचे काम सुरू केले. चार मिनिटांत आकडा १०० अंशांवर. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांची हीच मर्यादा असते. तिथे पोहोचला की तो जीव वाचवायला स्वतःच वेग उतरवतो. पाहतो तर वेग ३.६! म्हणजे वाढवायला गेला आणि मूळचाही गमावून बसला.

मग क्रमाने तपासले. तुम्हीही याच क्रमाने जा.

आधी प्लग काढून डबा उघडला. उपनगरातल्या लहान घरात स्वयंपाकघर दूर नसते; फोडणीची वाफ धुळीत मिसळून चिकट थर बसतो. पंख्याची पाती बोटाने धरून मऊ ब्रशने तो काढला.

मग कूलर हलवून पाहिला. चार पिनांपैकी एक सुटलेली होती आणि खालची पेस्ट वाळून खडू झाली होती. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडून पेस्ट आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणले. जुनी पेस्ट पुसून वाटाण्याएवढी नवी लावली, चारही पिना 'टक्' आवाज येईपर्यंत दाबल्या. पेस्टचा जाड लेप लावू नये. तिचे काम फक्त फटी भरणे आहे.

डबा टेबलाच्या बंद कप्प्यात होता. तो बाहेर काढून भिंतीपासून वीतभर दूर ठेवला. पंखा खोलीतल्या हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. जानेवारीत २२ अंशांच्या खोलीत ८० दाखवणारे मशीन मे महिन्यात ३३ अंशांच्या खोलीत ९१ च्या आसपास जाणारच.

शेवटी बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या पानावर, वेग आणि व्होल्टेज मूळ जागी आणले. पुन्हा काम लावले; आकडा ७८ वर थांबला. फिल्म फजरच्या आधी तयार झाली.

भाचा थोडा हिरमुसला. आम्ही त्याला सांगितले, "हौस सोडू नकोस. फीचे भागले की मोठा कूलर घे. मग वेग थोडा थोडा वाढव, दर वेळी अर्धा तास तापमान बघ. व्होल्टेजला सगळ्यात शेवटी हात लाव. आणि फिल्म द्यायची असेल त्या आठवड्यात काहीच बदलू नकोस."

आपा चहा घेऊन आली. मंगळवारी फिल्म वेळेवर पोहोचली, अल्हम्दुलिल्लाह.