अनुस्वार कोणी पुसला?

गेल्या वर्षी परीक्षक म्हणून माझ्याकडे एक लघुप्रबंध आला. जुन्या मराठी मुद्रणातील लेखनपद्धती हा त्याचा विषय. विद्यार्थ्याने कष्ट घेतले होते आणि निष्कर्षही ठाम काढला होता: अभ्यासलेल्या पुस्तकाच्या मुद्रकाला अनुस्वाराचे भान नव्हते, कारण एकाच पानावर ‘तें’ आणि ‘ते’ यांची सरमिसळ आढळते. शंका आली म्हणून मी मूळ पुस्तक पाहायला गेलो. कागद पिवळा पडलेला, शाई जागोजागी विटलेली. पण टिंबे जागच्या जागी होती. मुद्रकाने ती गाळलेली नव्हती. विद्यार्थ्याने ज्या संगणकीय प्रतिमांवरून वाचन केले, त्यांत ती नव्हती.

१९६२ च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला. त्यापूर्वीच्या लेखनात ‘तें’ हे नपुंसकलिंगी एकवचन, ‘ते’ हे पुल्लिंगी अनेकवचन. ‘ती’ स्त्रीलिंगी एकवचन, तर ‘तीं’ नपुंसकलिंगी अनेकवचन. म्हणजे एक टिंब गेले की लिंग आणि वचन दोन्ही बदलतात. टिंब गेले तर व्याकरण गेले.

ते गेले कुठे? स्कॅनर पानाचे ‘चित्र’ काढत नाही, तो आकडे मोजतो. ए-फोर आकाराचे पान इंचाला ३०० बिंदू या हिशेबाने मोजले, तर सुमारे ८७ लाख आकड्यांची सारणी तयार होते. संगणकाच्या परिभाषेत हा अॅरे. सामान्यतः त्यातील प्रत्येक आकडा ० ते २५५ यांमधला. ० म्हणजे काळे, २५५ म्हणजे पांढरे, मधल्या सगळ्या करड्या छटा. पायथॉन या भाषेत नम्पायचा असा अॅरे पिलो या ग्रंथालयाच्या साह्याने एका ओळीत प्रतिमेत बदलता येतो. ‘एका ओळीचे तर काम’ असे आमचे संगणक-विभागातले सहकारी म्हणतात, ते खरेच आहे. परंतु त्या ओळीच्या आधी कोणीतरी निर्णय घेतलेले असतात, आणि माझी तक्रार त्या निर्णयांच्या मौनाविषयी आहे.

समजा, कागदाचा आकडा २१० आहे आणि विटलेल्या टिंबाचा १५०. डोळ्याला हा फरक दिसतो. पण फाईल लहान व्हावी म्हणून करड्या छटा काढून केवळ काळे-पांढरे ठेवायचे ठरले आणि उंबरठा १२८ वर आखला, तर १५० हा आकडा उंबरठ्याच्या वर असल्यामुळे पांढरा ठरतो. टिंब कागदात विरून जाते. ओत्सू यांनी १९७९ साली मांडलेली पद्धत हा उंबरठा त्या पानातील आकड्यांच्या विभागणीवरून ठरवते. तथापि सगळ्या पानासाठी उंबरठा एकच, आणि शाई मात्र सगळ्या पानावर सारखी विटत नाही. त्यानंतर ‘डाग काढणे’ नावाचा संस्कार होतो. यंत्राच्या लेखी धुळीचा कण आणि अनुस्वार यांत आकाराचा भेद नाही.

या साऱ्यात कोठेही धोक्याची सूचना मिळत नाही. नम्पायमध्ये ३०० हा पूर्णांक आठ बिटांच्या प्रकारात बदलला की तो निमूटपणे ४४ होतो. मॅटप्लॉटलिब एकरंगी सारणी दाखवताना, वेगळे सांगितले नाही तर, तिच्यातील सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा ही टोके मानून छटा ताणते. त्यामुळे फिकट पान आणि ठसठशीत पान शेजारी ठेवली तरी सारखीच गडद भासू शकतात. प्रतिमा नेहमीच तयार होते, आणि विश्वासार्ह दिसते.

कोणी म्हणेल, हा तांत्रिक प्रांत. मराठीच्या प्राध्यापकाने त्यात का पडावे? मला हा युक्तिवाद मान्य नाही. अनेक वाचनांतून एक निवडणे आणि बाकीची टाकणे याला आपल्याकडे पाठनिश्चिती म्हणतात. संपादकाने पाठभेद नोंदवले नाहीत, तर आपण त्याची आवृत्ती प्रमाण मानत नाही. राजवाड्यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ज्ञानेश्वरीची मूळ पोथी पुढे उपलब्ध राहिली नाही, आणि त्या पाठाविषयीचा वाद छापील पानांवरूनच घालावा लागला. ही उणीव आपण एका थोर संशोधकालाही माफ केलेली नाही. मग ती एका अनामिक आज्ञावलीला का माफ करावी?

काळजीपूर्वक काम कसे होते याचे उदाहरण साहित्याबाहेर आहे. एम-८७ दीर्घिकेतील कृष्णविवराचे चित्र १० एप्रिल २०१९ रोजी जगापुढे आले. तेही आकड्यांतूनच घडवलेले. मूळ निरीक्षणे १.३ मिलिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींची, नारिंगी रंग माणसांनी निवडलेला. पण चार गटांनी परस्परांपासून अलिप्त राहून आपापली चित्रे केली आणि मगच ती ताडून पाहिली. आकडे आणि आज्ञावलीही खुल्या केल्या. ही पाठचिकित्साच नव्हे काय?

म्हणून माझ्या मागण्या तीनच आहेत. संग्रहांनी करड्या छटांची मूळ फाईल जपावी. प्रत्येक प्रतिमेसोबत उंबरठा आणि केलेले संस्कार नोंदवावेत. आणि प्रबंध-लेखकाने आपण पुस्तक वाचले की त्याची प्रतिमा, हे स्पष्ट लिहावे. एम.ए.च्या पाठचिकित्सेच्या तासाला पायथॉनच्या दहा ओळी शिकवल्या आणि उंबरठा सरकवला की टिंबे कशी येतात-जातात ते पडद्यावर दाखवले, तर विद्यार्थ्यांना वेगळे व्याख्यान द्यावे लागणार नाही.

लघुप्रबंध परत गेला. विद्यार्थ्याने मूळ पुस्तक पाहून ते प्रकरण नव्याने लिहिले. संबंधित संग्रहाकडे मी करड्या फायली मागितल्या होत्या. उत्तर आले: काळ्या-पांढऱ्या प्रतिमेला एक अष्टमांश जागा पुरते, सबब मूळ फायली ठेवलेल्या नाहीत.